दोनाचे तीन डबे

मोठ्या लाईनच्या दोन डब्यांतला माल छोट्या लाईनच्या तीन डब्यांत मावतो. आमच्या शेडचा सगळा संसार एवढ्या एका गणितावर चाललेला आहे.

आपला देश मोठा, म्हणून आपले रूळ रुंद. शेजारचा देश डोंगरातला, लहान, त्याचे रूळ अरुंद. दोन्हीकडचे रूळ शेडमध्ये येऊन शेजारी शेजारी संपतात. मध्ये एक फलाट आणि फलाटाच्या मधोमध पिवळी रेघ. रेघेच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. हमालाच्या पाठीवरचं पोतं रेघ ओलांडून गेलं की मी वहीत एक काडी मारते. चार काड्या उभ्या, पाचवी आडवी. अठ्ठावीस वर्षं झाली. हमाल मला मोजणीबाई म्हणतात.

इकडून मीठ जातं, काडेपेट्या, औषधं, सिमेंट, शाळेच्या वह्या, सायकलच्या ट्यूबा. तिकडून लाकूड येतं, फरशी येते, आलं येतं. त्या देशाला समुद्र नाही. पलीकडच्या बाजूने एक घाटरस्ता आहे, तो अर्धं वर्ष बर्फाखाली असतो. म्हणजे त्यांच्या घरात चूल पेटते ती काडीसुद्धा माझ्या वहीतून गेलेली असते. छोट्या लाईनचा ड्रायव्हर, आम्ही त्याला आजोबाच म्हणतो, एकदा म्हणाला होता, "बाई, आमच्या अख्ख्या देशाच्या किल्ल्या तुमच्या कमरेला आहेत. जरा जपून वाका." सगळे हसले होते. मीही हसले होते.

माझी धाकटी बहीण तिकडे दिली आहे. इथून साठ-पासष्ट मैलांवरच्या शहरात, तिथल्या पाणीपुरवठ्याच्या भांडारात ती काम करते. तुरटी किती आली, ब्लीचिंग पावडर किती उरली, हे तिच्या ताब्यात.

त्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन आला. मी नुकती देवापुढून उठले होते.

"ताई, पावडर आज येतेय ना?"

"दोन डबे कालच येऊन उभे आहेत. तीनच्या गाडीने निघतील. का गं?"

"चिमीला काल ॲडमिट केलं."

चिमी तिची मुलगी. सहा वर्षांची.

"जुलाब-उलट्या?"

"हो. सलाईन लावलंय. एका खाटेवर दोन दोन मुलं आहेत, ताई. सगळ्या शहरात तेच. डॉक्टर म्हणतात, पाण्यातून आलंय. पावडर दुप्पट टाका म्हणतात. दुप्पट टाकायला भांडारात हवी ना? मी काल मोजली. आज आणि उद्या. परवा सकाळी नळाला तसंच पाणी सोडावं लागेल."

"चिमी कशी आहे?"

"डोळे आत गेलेत. कालपासून लघवी झालेली नाही. डॉक्टर दर तासाला येऊन तेवढंच विचारतात." ती थांबली. "आज येतेय ना गं नक्की?"

"येतेय," मी म्हणाले. "तू चिमीजवळ बस."

शेडमध्ये पोहोचले तेव्हा आठ वाजले होते. मोठ्या लाईनीवर चार डबे उभे होते, दोन मिठाचे आणि दोन पावडरीचे. समोर छोट्या लाईनवर रिकामे सहा. मुकादम तंबाखू मळत माझ्याकडे आला.

"बाई, मीठ घेतो आधी."

आमच्याकडे रीतच तशी आहे. पावडर कायम शेवटी. तिने डोळे चुरचुरतात, घसा धरतो, घामात मिसळली की मान भाजते. म्हणून ती शेवटी उतरवायची, लगेच नळावर जाऊन अंग धुवायचं आणि मग जेवायला बसायचं. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण तिच्याबद्दल कधी वाद झालेला मी पाहिला नाही.

"आज पावडर आधी घेतली तर?" मी विचारलं.

"का हो?"

आता इथे मी सांगायला हवं होतं. माझी भाची तिकडे खाटेवर आहे, हे पाच शब्दांचं वाक्य होतं. पण मनात आलं, इतकी वर्षं कुणाच्या मालाला पुढेमागे केलं नाही, आज घरचं माणूस आहे म्हणून करायचं? ते बरं दिसेल का? आणि अडचण तरी काय होती, गाडी तर तीनलाच सुटणार.

"काही नाही, सहज," मी म्हणाले.

"मग सकाळी सकाळी डोळ्यांत कशाला झोंबवून घ्यायची?" मुकादम म्हणाला. "दोन्ही एकाच गाडीने जाणार. मीठ काय, पावडर काय, इंजिनाला सारखंच."

मीठ सव्वानऊपर्यंत चाललं. मग पावडर सुरू झाली. हमालांनी तोंडाला फडकी बांधली. आपल्या एका डब्यात सहाशे पोती, त्यांच्या एका डब्यात चारशे. त्यांचा पहिला डबा भरला. दुसरा भरला. तिसऱ्याची भरणी चालू होती आणि मी आडव्या-उभ्या काड्या मारत होते, तेवढ्यात कस्टमचे साहेब हातात कागद घेऊन जवळजवळ पळतच फलाटावर आले.

"थांबवा. सगळं थांबवा."

मुकादमाने शिट्टी मारली. एक हमाल पोतं पाठीवर घेऊन रेघेच्या अगदी अलीकडे उभा होता. तो तसाच वाकून उभा राहिला, टाकू की नको अशा नजरेने माझ्याकडे बघत. साहेबांनी हात आडवा केला. त्याने पोतं खाली ठेवलं, अलीकडे.

काम थांबलं की वहीत रेघ मारून वेळ लिहायची, ही माझी सवय. मी रेघ मारली. अकरा वीस. काड्या मोजल्या. नऊशे नव्वद. पलीकडे गेलेली नऊशे नव्वद, अलीकडे राहिलेली दोनशे दहा.

साहेब नवीन होते. बदलून आल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. त्यांचं गाव देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. इथे यायला त्यांना गाडीत तीन रात्री झोपावं लागलं होतं, हे ते सगळ्यांना सांगत. माणूस वाईट नव्हता. कुणालाही अरे-तुरे करत नसे.

"काय झालं साहेब?" मुकादमाने विचारलं.

"बंदी आली. जंतुनाशकं देशाबाहेर जाऊ द्यायची नाहीत. आपल्याकडेही साथीची भीती आहे, आधी आपल्या लोकांना पुरली पाहिजेत." त्यांनी कागद वाचून दाखवला. भरणी पूर्ण झालेले संच जाऊ द्यावेत, अपूर्ण संच रोखून धरावेत.

दोनाचे तीन हा एक संच. त्याचं चलन एकच. तीन डबे जातील तर तिन्ही जातील, नाहीतर एकही नाही.

पावडर आधी घेतली असती तर अकराच्या आत संच पूर्ण होऊन कुलूप लागलं असतं. मीठ राहिलं असतं मागे. मिठावर कसलीही बंदी नव्हती.

"साहेब, दोन डबे तर शिगोशीग भरलेत," मी म्हणाले.

"संच अपूर्ण आहे ना पण?"

"दोन डब्यांचं वेगळं चलन केलं तर?"

"त्यावर आत्ताची वेळ पडेल, बाई. बंदीनंतरची. ते कसं चालेल?" त्यांनी रुमालाने मान पुसली. "मलाही बरं वाटत नाहीये. पण माझी सही असते त्याच्यावर."

ते त्यांच्या खोलीत गेले. हमाल नळावर गेले. मुकादम माझ्याजवळ येऊन बसला. माझा चेहरा बघून म्हणाला, "बाई, घरी सगळं ठीक ना?"

मग मी सांगितलं. सकाळी न सांगितलेलं सगळं तेव्हा सांगितलं. तंबाखूची गोळी त्याने तशीच मुठीत धरून ठेवली होती.

"सकाळी एक शब्द बोलला असतात," तो शेवटी म्हणाला, "तर पोरांनी डोळ्यांत पाणी आणून आधी हीच उतरवली असती. आमच्यातली नऊ पोरं तिकडचीच आहेत. त्यांची घरं काय हवेवर चालतात?"

मी मान खाली घातली.

वही माझ्या मांडीवर उघडी होती. अकरा वीसची रेघ, तिच्याखाली मोकळी जागा. भरणी संपली की तिथे मी दोनांपैकी एक लिहिते. काम दुसऱ्या दिवशी पुढे चालायचं असेल तर 'अपूर्ण'. संच बंद करायचा असेल तर 'बंद', आणि त्याच्यापुढे तुटीचा रकाना. एखादं पोतं फाटतं, एखादं भिजलेलं निघतं, एखादं मुळातच कमी आलेलं असतं. जे पलीकडे पोहोचलं नाही ते तुटीत. तुटीसह संच पूर्ण धरायचा, असा जुना नियम आहे, नाहीतर एका फाटक्या पोत्यापायी रोज गाडी अडून राहिली असती. अठ्ठावीस वर्षांत मी तुटीत जास्तीत जास्त चौदा लिहिले होते. तेसुद्धा छप्पर गळलं होतं तेव्हा.

दोनशे दहा लिहायला कुणी मनाई केली होती का? वहीत खोटं लिहायचं नाही, एवढं मी पाळत आले. मी मनाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. दोनशे दहा पोती पलीकडे पोहोचली नाहीत, हे खरं. भरणी अकरा वीसला थांबली, हे खरं. आता ती पुढे होणार नाही, हेही खरं. तरी पेन टेकवलं नव्हतं, कारण खरं लिहिण्यामागे माझा हेतू होता आणि तो मला ठाऊक होता. मी डोळे मिटून एकदा नाव घेतलं आणि लिहिलं. बंद. तूट दोनशे दहा.

वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा साडेबारा झाले होते.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "ही तूट आहे?"

"पोहोचली नाहीत ती पोती, साहेब. रकाना त्याचाच आहे."

"दोनशे दहा?"

"आकडा किती असावा असं नियमात नाही. आणि चलन सकाळचंच आहे, बंदीच्या आधीचं."

"बाई, तुम्ही मला गोत्यात आणताय." ते रागावले नव्हते, घाबरले होते. "वर विचारतो."

फोन लागायला पाऊण तास गेला. मी दारातच उभी होते. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. हो सर. नाही सर. संच बंद आहे सर, तुटीसह. मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणतात, नियम वाचा आणि तुमच्या अखत्यारीत ठरवा. म्हणजे सही माझी, मान माझी." ते उठून खिडकीशी गेले. "एक सांगा मला. तुमचं कोणी आहे का तिकडे?"

"बहीण आहे. तिची मुलगी दवाखान्यात आहे."

"मग मी हे कसं करू? उद्या चौकशीत हेच विचारतील. आपल्या लोकांच्या तोंडची औषधं काढून बाईंच्या नातेवाइकांना दिली म्हणतील."

"साहेब, आपल्या लोकांसाठीच म्हणते आहे," मी म्हणाले. "तिकडचं पाणी संध्याकाळपर्यंत इथे येतं."

"कुठलं पाणी?"

"नदीचं."

ते हसले, थकल्यासारखे. "नदी आपल्याकडून तिकडे जाते, बाई."

मला क्षणभर वाटलं ते चेष्टा करताहेत. पण नाही. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. आपल्या देशाचा मोठा रंगीत नकाशा, आणि हद्दीपलीकडे कोरा पांढरा कागद. नदीची निळी रेघ हद्दीपाशी होती आणि आपल्या देशात होती. पाणी कुठल्या दिशेने वाहतं, काही कळायला मार्ग नाही. समुद्राकाठच्या माणसाने नद्या जमिनीकडून बाहेर जातानाच पाहिलेल्या. आणि आपला देश एवढा मोठा, की इथून सगळं बाहेर जातं, मीठ जातं, औषध जातं, तर नदीही जात असेल, असं त्यांनी धरून घेतलं होतं. जवळजवळ तीन आठवडे ते तिच्याच काठावर राहत होते.

"साहेब, दोन मिनिटं बाहेर येता?" मी म्हणाले.

शेडच्या मागे छोट्या लाईनचा पूल आहे. आम्ही पुलावर जाऊन उभे राहिलो. मुकादमही मागोमाग आला. खाली पाणी गढूळ होतं. डोंगराकडून जलपर्णीचा एक पुंजका आला, खांबाला अडखळला, वळला आणि आपल्या गावाकडे निघून गेला. त्याच्यामागून एक प्लॅस्टिकची बाटली. मग एक चप्पल.

साहेब कठड्याला धरून बघत राहिले.

"त्यांचं शहर वरच्या अंगाला," मी सांगितलं. "त्यांची गटारं हिच्यातच येतात. आणि ती समोर विहीर दिसते ना गोल, पाइप लावलेली, ते आपल्या गावाचं पाणी. तिथून पुढे दोन जिल्हे हेच पाणी पितात."

"माझ्या क्वार्टरला?"

"तुमच्या क्वार्टरलाही," मुकादम म्हणाला. "आज सकाळी चहा त्याचाच झाला असेल, साहेब. त्यांनी पावडर टाकली तर आपल्याला कमी टाकावी लागेल. त्यांनी नाही टाकली तर ही दोनशे दहा आपल्याला किती पुरतील ते तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा."

साहेब वळले. खोलीत परत आले, खुर्चीवर बसले, वही पुढे ओढली. पेन हातात घेतलं आणि ठेवलं. त्यांची बायको आणि दोन वर्षांचा मुलगा पुढच्या महिन्यात येणार होते, हे मला माहीत होतं. त्यांनी क्वार्टरला त्यासाठी नवा रंग लावून घेतला होता.

"चौकशी झाली तर तुम्ही काय सांगाल?"

"जे झालं तेच."

"बहिणीचंही?"

"ते आधी सांगीन."

बाहेर आजोबांनी इंजिन जोडलं, त्याचा धक्का सगळ्या डब्यांना एकामागून एक बसत गेला. अडीच वाजून गेले होते. आजोबा खिडकीतून डोकावले. "बाई, तीन डबे मिठाचे घेऊन जाऊ की सहा घेऊन जाऊ? मला काय, मी ओढणारा. पण तिकडे लोक स्टेशनात येऊन उभे आहेत म्हणे."

साहेबांनी सही केली. वेळ घातली. शिक्का उमटवताना त्यांनी तो दोनदा दाबला, पहिल्यांदा शाईच लागली नव्हती. मग ते म्हणाले, "उरलेल्या पोत्यांना मी सील लावतो. त्यांना मात्र हात लावायचा नाही कुणी."

गाडी तीनला सुटली. शेवटचा डबा अर्धा रिकामा, त्यामुळे त्याचा आवाज वेगळा येत होता. पुलावरून जाईपर्यंत तो मला ऐकू आला.

घरी येऊन मी फोन समोर ठेवून बसले. सहा झाले. साडेसहा झाले. माळ हातात घेतली, पण मणी कुठवर आले ते लक्षात राहीना, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पोती पोहोचली नसतील, वाटेत कुणी अडवली असतील, चौकीवर कुणी दुसरा कागद काढला असेल. आणि चिमी. चिमीचं नाव मनात आलं की पुढचं काही मनात येऊ देत नव्हते.

सव्वासातला फोन वाजला.

"आली," धाकटी म्हणाली. "साडेपाचला आली. स्टेशनातून थेट टाकीवर नेली आम्ही, भांडारात आणलीच नाही. पहिली मात्रा टाकून झाली. चिमीचे कपडे न्यायला आत्ता घरी आलेय."

"चिमी?"

"तासाभरापूर्वी लघवी झाली." हे सांगताना तिचा आवाज फुटला. "नर्सने सगळ्या वॉर्डात ओरडून सांगितलं, ताई. जसं काही लेकीचा पहिला नंबर आलाय."

मी माळ बाजूला ठेवली. मग तिच्या आवाजात भांडारवाली आली.

"चलनात बाराशे, आणि आली नऊशे नव्वद. तुटीत दोनशे दहा लिहिलंय. तुझं अक्षर आहे."

"हो."

"दुप्पट मात्रेने नऊ दिवस जातील. डॉक्टर म्हणतात, महिनाभर तरी सोडता येणार नाही. पुढची कधी?"

"बंदी आली आहे गं. ही कशीबशी निघाली."

"म्हणजे पुढची नाही?"

"माहीत नाही. साहेब उद्या वर लिहिणार आहेत. आजच्याचीही चौकशी होईल बहुतेक."

"तुझ्यावर काही?"

"बघू."

"इथे लोक फार चिडलेत. म्हणतात, आपल्या धबधब्याची वीज त्यांना जाते ती बंद करा. मोर्चा निघणार आहे उद्या." ती हळू आवाजात म्हणाली, "नऊ दिवसांनी मी काय टाकू, ताई?"

मी म्हणाले, "चिमीला पाणी देताना उकळून दे."

"देते."

"आणि तू? सकाळपासून पाणी प्यायलीस का?"

अख्ख्या शहराच्या पाण्याची पावडर मोजणारी बाई.

"नाही," ती म्हणाली. "भीती वाटते."

"आत्ता ठेव गॅसवर. मी फोन धरून थांबते."

तिकडे भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. मीही उठले. सकाळपासून माझ्याही घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. फोन खांद्याशी धरून मी स्वयंपाकघरात गेले, पातेलं नळाखाली लावलं आणि गॅस पेटवला. दोघी न बोलता पाण्याला उकळी यायची वाट बघत उभ्या राहिलो.